आईचा १९८४ चा मिक्सर आणि माझा २०२२ चा, भद्रकालीतल्या दुकानात एकाच टेबलावर उघडलेले

नाशिकमध्ये मिक्सर नीट रिपेअर करून देणारं कोणी आहे का, असं मला वर्षभरात चार-पाच जणींनी विचारलं आणि प्रत्येकीला फोनवर तेच ते सांगत बसले, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते. दुकानाचाच रिव्ह्यू आहे, पण लांबण लागेल, कारण त्या दुकानात मला "जुन्या वस्तू टिकायच्या, आताच्या टिकत नाहीत" ह्या आपल्या सगळ्यांच्या घरातल्या वादाचं बरंचसं उत्तर मिळालं, आणि ते सांगितल्याशिवाय दुकान कसं आहे ते सांगताच येणार नाही.

आधी पत्ता. दुकानाला पाटी नाही. मेन रोडवरून भद्रकाली मंदिराच्या बाजूने दूध बाजाराकडे जाताना एक अरुंद गल्ली लागते, तिच्यात बाहेर दोऱ्याला पंख्याची पाती टांगलेली दिसली की तेच. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गाडी घेऊन आत शिरायचा प्रयत्न अजिबात करू नका, शालिमारला कुठेतरी लावा आणि चालत जा. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं.

मी कशी पोचले ते सांगते. माझा मिक्सर, साडेसातशे वॅटचा, २०२२ च्या दिवाळीत घेतलेला, दोन वर्षांची वॉरंटी संपून तीन महिने झाले होते. कांदा-खोबऱ्याचं वाटण चालू होतं आणि मध्येच खर्रर्र आवाज, जळका वास, बंद. ज्यांनी नाशिककरांच्या घरी काळ्या मसाल्याचं वाटण केलंय त्यांना माहितीये की ते मिक्सरची परीक्षाच असते, पण दोन वर्षांत? कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला (कंपनीचं नाव लिहित नाही, कारण हे कमी-जास्त प्रमाणात सगळ्याच कंपन्यांत चालतं हे नंतर कळलं), तिथल्या मुलाने मिक्सर उघडलासुद्धा नाही. चालू करून बघितला, नाकाजवळ नेला आणि म्हणाला, मॅडम मोटर गेली, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, अठराशे पन्नास, त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. मिक्सर होता छत्तीसशेचा. मला इतका त्रास झाला त्या "त्यापेक्षा नवीन घ्या"चा! मी स्वतः सातपूरला एका कंपनीत एकोणीस वर्षं क्वालिटीला आहे, एखादा पार्ट रिजेक्ट करायचा तर का रिजेक्ट केला ते कारण लिहिल्याशिवाय आम्हाला टॅग लावता येत नाही, आणि इथे न उघडताच निकाल.

घरी आले तर आई म्हणाली, बघ, माझा बघ, तुझ्या जन्माच्या आधीचा आहे आणि परवापर्यंत चालत होता. हे वाक्य प्रत्येक घरात असतं, आमच्याकडे मिक्सरवरून, शेजारी पंख्यावरून, सासरी गोदरेजच्या कपाटावरून. आईचा मिक्सर पण तेव्हा बंदच होता, जाम झालेला, फिरतच नव्हता. मग म्हटलं दोन्ही घेऊन जाते.

चाचांनी दोन्ही मशीन शेजारी शेजारी उलटी ठेवली. आईच्या मिक्सरला खाली चार रबरी पाय, प्रत्येक पायाच्या आत एक साधा स्क्रू, चारही दोन मिनिटांत निघाले. माझ्या मिक्सरला तीन स्क्रू दिसत होते आणि दोन स्टिकरखाली लपवलेले, ते काढल्यावरही खालचं झाकण खटक्यांनी अडकलेलं, ते काढताना एक खटका तुटलाच. आईच्या मिक्सरला कार्बनच्या दोन टोप्या बाहेरून, बॉडीच्या दोन बाजूंना, पितळी, एक रुपयाचं नाणं घालून फिरवली की कार्बन हातात. माझ्या मिक्सरचे कार्बन आत, वरून एक पत्रा दाबून बसवलेला, तो पत्रा वाकवल्याशिवाय बाहेर येत नाही.

इथे थोडं सांगायला हवं, ज्यांनी कधी मिक्सर उघडा बघितला नाही त्यांच्यासाठी. मिक्सरची मोटर पंख्यासारखी नसते. आत एक फिरणारा भाग असतो, आर्मेचर, त्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं कडं असतं आणि त्या कड्याला दोन्ही बाजूंनी कार्बनचे दोन छोटे तुकडे स्प्रिंगने दाबून धरलेले असतात, त्यातूनच करंट फिरत्या भागाला मिळतो. मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे होतात तेव्हा हे तुकडे घासतातच, पेन्सिलीसारखे झिजतात, ते झिजायलाच बनवलेले असतात. झिजले की बदलायचे, बस. माझ्या मिक्सरचा एक कार्बन पूर्ण संपला होता आणि मागची स्प्रिंग थेट त्या कड्यावर घासत होती, कड्यावर दाढीच्या ब्लेडने ओढल्यासारख्या रेघा. तोच खर्रर्र. मोटर गेलेली नव्हतीच.

चाचांनी कडं लेथला लावून हलकं साफ केलं, पट्ट्यांच्या मधल्या खाचा पातीने एकेक करून मोकळ्या केल्या (बावीस का चोवीस होत्या, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून हे केलं, मी बघत होते, एकदाही पाती घसरली नाही), नवीन कार्बन घातले, आणि घेतले किती, दोनशे ऐंशी. खटका तुटला होता तिथे एक छोटा स्क्रू मारून दिला. आज सात महिने झाले, वाटण, शेंगदाण्याचं कूट, इडलीचं पीठ सगळं चालू आहे.

आता आईच्या मिक्सरची गोष्ट, आणि खरा मुद्दा इथेच आहे. चाचांनी आर्मेचर बाहेर काढलं, दिव्याखाली धरलं आणि हसले. म्हणाले, ताई, ये तो आमच्या वालिदांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातचं वायंडिंग आहे (आर्मेचरवर तार गुंडाळून भरायचं काम). कसं ओळखलं विचारलं तर वायंडिंगवर जो दोरा बांधतात त्याची गाठ दाखवली. ते डावखुरे होते, गाठ उलटी पडायची. आईला घरी येऊन विचारलं तर तिला आठवलं, हो, एकदा जळला होता, तू नववीत होतीस, बाबांनीच कुठेतरी भद्रकालीत भरून आणला होता. मग मी आणि आई बसून हिशोब करायला लागलो. आर्मेचर एकदा भरून घेतलं. स्विच दोनदा बदलला. मोटर आणि भांडं जोडणारा खालचा रबरी कपलर तर किती वेळा, आईला पण आठवत नाही. मोठं भांडं बदललं, चटणीचं भांडं हरवलं म्हणून दुसरं घेतलं, पाती धार लावून लावून शेवटी नवीन, वायर उंदराने कुरतडली म्हणून नवीन. १९८४ पासून जसाच्या तसा उरलेला भाग म्हणजे बॉडी, झाकण आणि आतलं फील्ड (आर्मेचरच्या भोवतीचं, न फिरणारं वायंडिंग). बॉडी पण प्लास्टिकचीच हां, पांढरी होती ती आता जुन्या पुस्तकाच्या पानासारखी पिवळी झालीये.

म्हणजे चाळीस वर्षं टिकला असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर चाळीस वर्षं कोणीतरी तो टिकवला. बाबा सुट्टीच्या दिवशी नाशिक रोडहून बसने सीबीएसला उतरून, पिशवीत मिक्सर घेऊन भद्रकालीपर्यंत चालत जायचे.

मी चाचांना सरळच विचारलं, जुनं चांगलं होतं का हो? त्यांनी जे उत्तर दिलं ते मला कोणाच्याच तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं. म्हणाले, "जुन्या मशीनी पण लय जळायच्या ताई. जळायच्या म्हणून तर आमचं घर चाललं. तेव्हा ह्या गल्लीत रिवाइंडिंगची तीन दुकानं होती." आणि मग वर माळ्याकडे बोट केलं. तिथे न नेलेल्या वस्तूंची फळी आहे. मी स्टुलावर चढून बघितली. धुळीत टेबलफॅन, इस्त्र्या, एक मोठा रेडिओ, तीन-चार मिक्सर, एक टोस्टर, सगळं जुनं, सगळं मेलेलं, लोकांनी रिपेअरला टाकलं आणि परत आलेच नाहीत. खाली पोत्यात जळकी आर्मेचर, तांब्याच्या भावाने भंगारात जायची, त्यात ऐंशीच्या दशकातली पण तेवढीच.

आमच्या कंपनीत ट्रेनिंगला एक आलेख शिकवतात, बाथटबच्या आकाराचा. कुठल्याही मालात काही नग सुरुवातीलाच जातात, मग मधला मोठा काळ शांत, मग शेवटी झिजून पुन्हा जायला लागतात. आपल्या घरात आज जे १९८४ चं चालू आहे ते त्या वेळच्या सगळ्या मालातलं गाळून गाळून उरलेलं आहे. जे पहिल्या वर्षी गेलं ते कोणाच्या लक्षात आहे? ते मोडीत गेलं, बोहारणीकडे गेलं, त्याच्या बदल्यात आलेलं पातेलं पण एव्हाना मोडीत गेलं. आपल्या घराच्या माळ्यावर राहतं ते टिकलेलंच, आणि आपण त्याच माळ्याकडे बघून अख्ख्या जमान्याला सर्टिफिकेट देतो.

आपल्याकडचा मिक्सरसुद्धा जन्मला तो एका जळालेल्या मशीनमुळेच. सत्यप्रकाश माथुर म्हणून सीमेन्समध्ये इंजिनिअर होते मुंबईत, त्यांच्या घरी जर्मन मिक्सर होता, तिकडच्या स्वयंपाकासाठी बनवलेला, आपली डाळ आणि चटणी वाटताना त्याची मोटर जळली आणि इथे तो दुरुस्त करून मिळेना. मग त्यांनी स्वतःच आपल्या वाटणाला झेपेल असा मिक्सर तयार केला, तो १९६३ चा सुमीत. तर त्या काळातलं परदेशी, भारी मशीन पण चुकीच्या कामाला लावलं की जळतच होतं.

पण म्हणून फरक काहीच नाही असं मी म्हणत नाहीये, फरक मी डोळ्यांनी बघितलाय. चाचांनी दोन्ही मिक्सरच्या फील्डच्या तारेचं एक टोक घेतलं आणि ब्लेडने वरचं एनॅमल खरवडलं. आईच्या तारेतून लालसर तांबं चमकलं. माझ्या तारेतून पांढरं. ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वाहते, म्हणून तार जाड घ्यावी लागते, जागा तेवढीच असेल तर मोटर जास्त तापते, आणि चाचांचं मुख्य दुखणं म्हणजे त्या तारेला साधा डाग धरत नाही, तुटली की जोडणं अवघड. खोक्यावर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. काही मॉडेलच्या खोक्यावर "१०० टक्के कॉपर" असं ठळक छापलेलं असतं, ते का छापतात ते मला त्या दिवशी कळलं. घेताना बघा.

आणि त्याच टेबलावर नवीन मिक्सरची बाजू पण दिसली, ती पण लिहायलाच हवी. त्याच्या तारेवरचं एनॅमल आणि आतलं इन्सुलेशन जुन्यापेक्षा चांगलं आहे, जास्त उष्णता सहन करतं. जुन्यात लेदरॉइड कागद आणि वॉर्निश, तो कागद चाचांनी बोटाने दाबला तर पापडासारखा तुटला. नव्यात सीलबंद बॉल बेअरिंग, जुन्यात पितळी बुश, त्याला तेल द्यावं लागायचं, आईच्या मिक्सरचा तो बुशच कोरडा पडून जाम झाला होता. नव्याला खाली लाल बटण असतं, लोड जास्त झाला की स्वतः बंद होतो. आईच्याला असं काही नव्हतं, म्हणून तर तो जळला आणि भरून आणावा लागला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे नव्याचं भांडं नीट बसल्याशिवाय आणि लॉक झाल्याशिवाय तो चालूच होत नाही. आईच्या उजव्या तर्जनीवर तीन टाक्यांचा वण आहे, त्याच मिक्सरचा. टिकाऊपणाच्या गप्पांत हा वण कोणीच मोजत नाही.

प्लास्टिकचा जो राग आपल्याला येतो त्याबद्दल पण चाचांनी एक गोष्ट दाखवली. कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं ह्यांना जोडणारा तो छोटा चाकासारखा तुकडा, लोक म्हणतात बघा प्लास्टिकचा दिलाय, तुटतो. तो तुटावा म्हणूनच तसा असतो. भांड्यात हळकुंड अडकलं तर तीस-चाळीस रुपयांचा कपलर तुटला पाहिजे, लोखंडी बसवला तर झटका सरळ आर्मेचरला बसतो. एक गिऱ्हाईक हट्टाने लेथवर लोखंडी कपलर करून घेऊन आलं होतं म्हणे, महिन्यात मोटरचा दांडा वाकला. शिलाई मशीनच्या नायलॉनच्या गिअरचं पण बऱ्याचदा हेच असतं. फक्त तो तुटलेला तुकडा बाजारात मिळाला पाहिजे, आणि तिथेच आता सगळं अडतं. दर मॉडेलचा कपलर वेगळा, दर दोन वर्षांनी मॉडेल बंद. चाचांकडे एक पत्र्याचा डबा आहे, त्यात वीस-पंचवीस जातींचे कपलर, आणि माझ्या मिक्सरचा त्यात नव्हता.

पैशांचं पण बोलू. बाबांनी मिक्सरचं बिल जपून ठेवलंय, अकराशे चाळीस रुपये. ते प्रेसमध्ये होते, तेव्हा हातात पगार तेराशेच्या आसपास यायचा. म्हणजे जवळजवळ अख्ख्या महिन्याचा पगार एका मिक्सरला, आई सांगते की आधी वर्षभर भिशी लावली होती. आज आपण कोणीतरी महिन्याचा पगार मिक्सरला देऊ का? दुकानात जाऊन आपण विचारतो, ऑफर काय आहे. हॉटेलवाले, केटरिंगवाले जे मिक्सर वापरतात ते आजही बनतात, जड, तांब्याचे, आवाज करणारे, आणि महाग. म्हणजे तसा माल बनवता येत नाही असं नाहीये. आमच्याकडेही हेच बघते, ग्राहक कंपनीने किंमत कमी मागितली की ड्रॉइंगमध्ये पत्रा पाव मिलिमीटरने पातळ होतो, आणि तो पातळ करणारा माणूस मूर्ख नसतो, त्याला नेमकं माहिती असतं कुठपर्यंत पातळ केला तर चालेल. पूर्वी तेवढा नेमका हिशोब करणं अवघड होतं म्हणून अंदाजाने जाड टाकायचे. जुन्या गोदरेजच्या कपाटाचं वजन हे बऱ्याच अंशी त्याचंच आहे, आणि हो, ते कपाट मलाही आवडतं, दार लावतानाचा तो आवाज दुसऱ्या कशाला नाही.

कंपन्या मुद्दाम लवकर बिघडणारं बनवतात का, हा प्रश्न मला आईच्या भिशीतल्या बायकांनीही विचारला. कधीकधी खरंच बनवलंय. १९२४ साली जिनिव्हात बल्बच्या मोठमोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलं होतं की बल्ब हजार तासांच्या वर टिकता कामा नये, जास्त टिकला तर दंड. हे घडलेलं आहे, कागदोपत्री आहे. पण त्यातही गंमत अशी की जास्त टिकणारा तारेचा बल्ब मंद जळतो आणि तेवढ्याच उजेडाला वीज जास्त खातो. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर गावी अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब चालू आहे, त्याचा फोटो सगळीकडे फिरत असतो, पण त्याचा उजेड आता आपल्या देवघरातल्या झिरोच्या बल्बएवढाच उरलाय. त्याच्याखाली कोणी मुलांचा अभ्यास घेणार नाही. आणि आताचे एलईडी जातात तेव्हा बहुतेक वेळा आतला दिवा ठीक असतो, त्याला वीज पुरवणारं सर्किट उष्णतेने गेलेलं असतं, म्हणून बंद काचेच्या ग्लोबमध्ये ते लवकर जातात. उघड्या होल्डरमध्ये लावा, फरक पडतो.

पंख्याचं मात्र मला अजून ठरवता येत नाहीये. आमच्या हॉलमधला जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा आहे, बेडरूमला नवीन बीएलडीसी (सर्किटवर चालणारा, कमी वीज खाणारा) घेतला तो तीस वॅटच्या आत-बाहेर. रोज बारा तास धरले तर महिन्याला सोळा युनिट वाचतात, एका पंख्यामागे. जुना वर्षानुवर्षं टिकला म्हणून कौतुक करायचं, आणि त्याने वर्षानुवर्षं जाळलेली जास्तीची वीज कुठे लिहायची? २०२३ पासून पंख्यांवर वीजबचतीचे स्टार लावणं सक्तीचं झालंय ते ह्यासाठीच. पण जुन्याला बिघडायला मुख्यतः दोनच गोष्टी, कपॅसिटर अडीच एमएफडीचा आणि बेअरिंग ६२०२, दोन्ही रविवार कारंजावर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. नव्याचं सर्किट पहिल्या पावसाळ्यातच व्होल्टेज वर-खाली होऊन गेलं, कंपनीने वॉरंटीत बदलून दिलं, पुढच्या वेळी वॉरंटी नसेल. चाचा तर म्हणालेच, सर्किटवाला पंखा आणू नका, मला येत नाही.

परत येताना सराफ बाजारातून तांबट आळीत डोकावले, कारण आजीच्या घागरीला डाग द्यायचा होता. तिथे एकजण हातोडीने परात ठोकत होता, ठाक ठाक ठाक, एकाच तालात, आणि मला ऑफिसात शिकलेलं आठवलं की ठोक्याने तांबं कडक होतं, म्हणजे ती नक्षी नुसती दिसायला नसते, पातळ पत्र्याला बळ येतं त्याने. मशीनवर ओढलेल्या गुळगुळीत तांब्याच्या बाटलीला जरा धक्का लागला की पोचा पडतो. तिथे मात्र मला जुनं ते खरंच चांगलं वाटलं, आणि ते जुनं नाहीये, तो माणूस आजच करतोय. भाव विचारला. मशीनच्या परातीपेक्षा दुपटीच्या वर. मी घेतली नाही, घागरीला डाग देऊन घेतला फक्त. हे लिहिताना अजून वाईट वाटतंय.

तर माझं मत एवढंच झालंय की वस्तू घेताना "किती टिकेल" विचारण्यात अर्थ नाही, दुकानदार पण काहीही सांगतो. मी आता उलटी करून बघते. स्क्रू दिसतायत का, साधे आहेत का, कार्बन बाहेरून निघतो का, कपलर आणि भांड्याचं रबर सुटं मिळतं का, वायंडिंग कशाचं आहे. मागच्या महिन्यात बहिणीसाठी मिक्सर घेताना कॉलेज रोडच्या शोरूममध्ये मी हे सगळं विचारलं, सेल्समनला फारसं सांगता आलं नाही पण त्याने मॅनेजरला बोलावलं आणि मॅनेजरने एक डेमो पीस उलटा करून दिला, हे मला आवडलं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टल पण काढलं, तिथे कंपन्यांची दुरुस्तीची आणि स्पेअरची माहिती एका ठिकाणी मिळावी असा उद्देश आहे. ते चांगलं आहे, वापरा. पण गल्लीतल्या माणसाला त्या मॉडेलचा पार्ट हातात मिळेल तेव्हाच ते माझ्यापर्यंत पोचलं म्हणायचं.

आता दुकानाचं राहिलेलं. काम एक नंबर, हातचं राखून नाही, तुमच्यासमोर उघडतात आणि काय झालंय ते दाखवतात, दुरुस्त होण्यासारखं नसेल तर तसं स्पष्ट सांगतात आणि उघडायचे फक्त पन्नास घेतात. माझ्यासमोर एका बाईंना त्यांनी सांगितलं की ह्याला पैसे घालू नका, आर्मेचरचा दांडाच वाकलाय. जुन्या टू-पिन वस्तूला तीन तारांची वायर आणि अर्थिंग करून घ्या असं स्वतःहून सांगतात, माझ्या टेबलफॅनला त्यांनी तसं करून दिलं, लोखंडी बॉडीचा होता आणि पावसाळ्यात हाताला झिणझिण्या यायच्या. यूपीआय आहे.

तक्रारी पण आहेत. वेळ पाळत नाहीत, गुरुवार म्हणाले आणि पुढच्या मंगळवारी दिला, मधल्या दिवसांत दोनदा चक्कर फुकट गेली. फोन उचलत नाहीत. पावती म्हणजे सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला नंबर, तो हरवू नका. जुना काढलेला पार्ट मागितल्याशिवाय परत देत नाहीत, मागा, देतात. इंडक्शन, मायक्रोवेव्ह, सर्किटवालं काहीही घेत नाहीत. आणि मुख्य चिंता म्हणजे त्यांच्यानंतर कोण. मुलगा अंबडला कंपनीत जातो, त्याला ह्यात यायचं नाही, चाचा पण त्याला आग्रह करत नाहीत. आर्मेचर भरून घ्यायचं काम कोणाचं राहिलं असेल तर ह्याच वर्षी करून घ्या, त्यांचे डोळे आता संध्याकाळनंतर साथ देत नाहीत, म्हणून वायंडिंगचं काम ते सकाळी अकरा ते दोनमध्येच करतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो त्या दोन चकरांसाठी.

अजून एक. ती न नेलेल्या वस्तूंची फळी आहे ना, तिथे स्टीलचं चटणीचं एक भांडं आहे, झाकण घट्ट बसतं, पाती चांगली आहे, आणि त्याच्या बुडाशी नाव घातलंय. आडनाव इथे लिहित नाही, पण गाव सिन्नर आणि साल १९८७ असं स्पष्ट वाचता येतं. मिक्सर नाहीये सोबत, फक्त भांडं. चाचा म्हणतात सहा-सात वर्षं झाली, ज्या बाईंचं आहे त्या येतील म्हणून भंगारात टाकलं नाही. सिन्नरकडचं कोणी हे वाचत असेल आणि घरात आईचं किंवा सासूचं चटणीचं भांडं हरवलेलं असेल तर जाऊन बघून या. आडनाव सांगितलं की देतील.